छोट्या गुत्तेदाराने आयकरात खर्च दाखवावा की टक्क्यांनी नफा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जिंतूर भागात जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीची छोटी कामं घेता. जीएसटी सोडून वर्षाची बिलं ३२ लाखांची, त्यातले ६ लाख खासगी घरकामाचे, तेही रोख. सीए म्हणतात, टक्क्यांनी नफा दाखवा आणि मोकळे व्हा. सोबतचा गुत्तेदार म्हणतो, डिझेल, मजुरी, चहापाणी सगळं खर्चात टाका, कर वाचेल. पावत्या तर अर्ध्याही नाहीत.

मी लातूरला गुत्तेदारांचीच खाती लिहितो. सीएंचं ऐका.

टक्क्यांनी नफा दाखवायची ही सोय म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे नंबर बदललेत, हिशोबाची पद्धत तीच आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. तुमचे बँकेतले २६ लाख, म्हणजे १ लाख ५६ हजार. रोख ६ लाखांचे ४८ हजार. झाले २ लाख ४ हजार. कर शून्य. वर तुमच्या बिलांतून १ टक्का आयकर आधीच कापलेला असतो, तो साधारण २६ हजार परत मिळतो. आता सांगा, डिझेलच्या पावत्या गोळा करून वाचवायचं काय?

या पद्धतीत खर्च वेगळा दाखवायचाच नसतो. डिझेल, मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगचं भाडं, मिक्सरचा घसारा, सगळं उरलेल्या ९४ किंवा ९२ टक्क्यांत आलं असं कायदा धरतो. ६ टक्के दाखवून वर पुन्हा पेट्रोल वजा करता येत नाही.

गडबड होते ती उलाढालीच्या आकड्यात. १० लाखांचं बिल पास झालं की त्यातून आयकर १ टक्का, कामगार कल्याण उपकर १ टक्का, करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा टीडीएस (बिलातून आधीच कापलेला कर) २ टक्के, शिवाय अनामत, मुरूम-खडीची रॉयल्टी असं कापत कापत उरलेलं खात्यात पडतं. बरेच जण पासबुक बघून तेवढीच उलाढाल लिहितात. २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या विभागाकडच्या तक्त्यात मात्र कपातीआधीची पूर्ण रक्कम दिसते, आणि विभागाचा संगणक तीच घेऊन बसतो. उलाढाल बिलाची धरा, पासबुकाची नको. मार्चअखेर निघालेल्या बिलांचं तर जास्तच बघा : कपात मार्चमध्ये, पैसे जूनमध्ये, आणि रिटर्न कोणत्या वर्षाचं यावर घोळ. रिटर्न भरायच्या मुदतीआधी पैसे बँकेत आले तर त्यांनाही ६ टक्केच लागतो.

आणखी एक, जे आपल्याकडे कुणी सांगत नाही. ६ टक्के हा किमान आकडा आहे. खरंच ५ लाख उरले असतील तर ५ लाखच दाखवायला हवेत, आणि त्यात तुमचाच फायदा आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. मग कमी दाखवून मिळवायचं काय? उद्या जेसीबीसाठी कर्ज मागायला गेलात की मॅनेजर आधी दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागतो. २ लाखांच्या उत्पन्नावर ३० लाखांची मशीन कोण देणार? कर वाचवायच्या नादात उत्पन्न दाबायची जुनी सवय गुत्तेदारांना आता महाग पडते आहे.

सोबतच्या गुत्तेदाराचा, म्हणजे सगळा खर्च दाखवायचा रस्ता कधी बरोबर? खरा नफा ६ टक्क्यांच्याही खाली गेला तर. सिमेंट-लोखंड महागलं, टेंडर खालच्या दरानं भरलं होतं, मशीनच्या कर्जाचं व्याज जड झालं, असं होतं कधी कधी. तेव्हा पूर्ण वह्या लिहा, मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवून. एकदा टक्क्यांची पद्धत धरून मध्येच सोडली तर पुढची ५ वर्षं तिच्यात परत येता येत नाही. आणि त्या वर्षांत उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं तर ऑडिट करावं लागतं, त्याची फी वेगळी.

वह्या लिहायच्या तर अडचण मजुरीची. बाजाराच्या दिवशी मुकादमाच्या हातात ४० हजार रोख ठेवले, तर एका माणसाला एका दिवशी १० हजारांच्या वर रोख दिल्यामुळे तो खर्चच नामंजूर होतो. तेच पैसे मजूरवार वाटून हजेरीपटावर ज्याच्या-त्याच्या सहीनं किंवा अंगठ्यानं दिले तर चालतात. मुकादमालाच द्यायचे असतील तर खात्यावर टाका. मोटारसायकलचं पेट्रोल आणि मोबाइल साइटपुरताच धरायचा. लेकीच्या कॉलेजचं रिचार्ज त्यात बसत नाही.

बिल पुढे सरकावं म्हणून जी ‘टक्केवारी’ द्यावी लागते ती कुठे लिहू, असं मला दर मार्चला कुणीतरी विचारतं. कुठेच नाही. बेकायदा कामासाठीचा खर्च कायदा खर्च मानत नाही.

शेतीचं सांगतो, कारण सोयाबीन-तुरीचे पैसे तुमच्याही त्याच खात्यात येत असणार. शेतीउत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-४ म्हणजे सुगम हा रिटर्नचा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. त्यातही टक्क्यांनी नफा दाखवता येतो. गुत्तेदारीचे पैसे शेतीत ढकलू नका. आडतीच्या पट्ट्या आणि सातबारावरचं क्षेत्र कुणी जुळवून बघितलं तर उत्तर देता येणार नाही. शेतीसाठी वेगळं खातं काढा, निम्मी डोकेदुखी जाईल.

जीएसटीचा नंबर तुमच्याकडे असेलच, सेवेसाठी मर्यादा २० लाखांची आहे. पण त्या २ टक्के टीडीएसचं बघितलंत का? ते पैसे आपोआप मिळत नाहीत. पोर्टलवर टीडीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन नोंद स्वीकारावी लागते, मगच ते तुमच्या कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात येतात आणि पुढच्या जीएसटीत वळते करता येतात. पोर्टल उघडून हे आधी तपासा, रिटर्नचं नंतर बघू.