तळातली ओळ आधी वाच

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. गावच्या साप्ताहिकाचा इतिहास लिहायला घेतलास, फार बरं वाटलं. पहिलं प्रकरण संपादकांच्या चरित्राचं योजलं आहेस, ते तूर्त राहू दे. अंक हातात आला की आधी शेवटच्या पानाच्या तळाशी जा. ‘हे पत्र मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले’ ही बारीक टाइपातली ओळ. मुद्रक, प्रकाशक आणि ठिकाण छापण्याची सक्ती १८६७च्या कायद्यात होती. ती ओळ वर्षानुवर्षं तशीच असते आणि एखाद्या आठवड्यात बदलते. बहुधा उधारी थकलेली असते, नाहीतर भागीदारी मोडलेली. ते आठवडे वहीत टिपून ठेव, तुझी प्रकरणं तिथेच पडतील.

पुण्याचंच बघ. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली इथे ‘दीनबंधू’ काढला. पैशाचं बळ पुरेना, तेव्हा १८८०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवायला घेतला आणि गिरणी कामगारांचं दुःख त्याच्या पानांवर आलं. केवळ अग्रलेख वाचून हे वळण नीट कळत नाही.

छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारं कुणी हयात असेल तर पुढच्या रविवारची वाट पाहू नकोस. खिळे कमी पडायचे का, एवढंच आधी विचार. लहान छापखान्यात अनेकदा दुसरं-तिसरं पान आधी छापून व्हायचं, तेच खिळे सोडून पुन्हा केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, टाकायचे आणि मग पहिलं-चौथं पान जुळायचं. त्यामुळे आतली बातमी शिळी आणि बाहेरची ताजी असायची. हे ठाऊक नसेल तर संपादकाने अमकी बातमी आत दडवली, असा आरोप तू नकळत करशील. आणि जाहिराती, जाहीर नोटिसा सोडू नकोस. पेपर कुणाच्या पैशावर चालला, ते तिथे दिसतं.

लिहिण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढ. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. फाटलं तरी चिकटपट्टी लावू नकोस, तिचा डाग जात नाही. उमेदवारीच्या दिवसांत मी एका साप्ताहिकाच्या बांधीव फायली बघायला गेलो, तर दोनच दिवसांपूर्वी त्या रद्दीत गेल्या होत्या. ती हळहळ अजून आहे.

पहिल्या वर्षाच्या तळओळींची यादी झाली की घेऊन ये, आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका