पहिला गोपनीय अहवाल: नव्या शिक्षण सेवकांसाठी

मॅडम, अभिनंदन! खाजगी अनुदानित शाळेत तीन वर्षं शिक्षण सेवक (कायम होण्याआधीचा मानधनावरचा शिक्षक) म्हणजे मार्च आला की पोटात गोळा येतोच, कारण तेव्हा गोपनीय अहवाल, म्हणजे आपल्या वर्षभराच्या कामावरचा मुख्याध्यापकांचा अहवाल, लिहिला जातो. आत्ता फक्त एवढंच बघा:

१. टाचण (तासाला काय, कसं शिकवणार त्याची लेखी तयारी) रोजचं रोज. दिवाळीनंतर एका बैठकीत लिहिलेलं टाचण शाईवरूनच ओळखू येतं (मी पकडला गेलोय).

२. मुख्याध्यापक तास बघायला आले की ठेवणीतला धडा काढू नका, चालू घटकच शिकवा. मुलं लगेच सांगतात, ‘बाई, हे झालंय!’ लॉगबुकातला (तास बघून मुख्याध्यापक लिहितात त्या वहीतला) शेरा वाचून, त्यावर काय केलं ते तारखेसह स्वतःच्या वहीत लिहा. वर्षाअखेर स्वयंमूल्यमापन भरताना हीच वही कामी येते. ‘मनापासून शिकवले’ असं मोघम लिहू नका. मागे पडलेली किती मुलं वाचायला लागली, ते लिहा.

३. अहवालात प्रतिकूल शेरा असेल तर तो लेखी कळवावा लागतो. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत तशी तरतूद आहे. भांडू नका, लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

मुख्याध्यापकांचाही अहवाल लिहिला जातो बरं का, संस्थेकडून. तेही धास्तीतच असतात.

वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी वगैरे पुढच्या वेतनश्रेणींचं नंतर बघू.