आंबा घाटासाठी फ्युएल सेल बसवू का?

प्रश्न : शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून मी रत्नागिरीला नेतो. टेम्पो बॅटरीवरचा आहे. जाताना घाट उतरायचा, त्यामुळं निभतं. परतीला मात्र भरल्या गाडीनं आंबा घाट चढला की मलकापूर येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. पुतण्या म्हणतो, हायड्रोजनपासून वीज तयार करणारा छोटा फ्युएल सेल बसवा. एक मिस्त्री सीएनजीच्या टाकीवर भागवून देतो म्हणतोय. करू का?
– एक टेम्पोचालक, कोल्हापूर

उत्तर : टाकीचं आधी सांगतो. सीएनजीच्या टाकीत हायड्रोजन भरायचा नाही, कुणी कितीही खात्री दिली तरी. सीएनजी २०० बार दाबानं भरतात, हायड्रोजन ३५० किंवा ७०० बारनं. शिवाय हा वायू साध्या पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. आपल्या उद्यमनगरातल्या कारागिरांचा मला अभिमान आहे, पण हे काम मान्यताप्राप्त चाचणीशिवाय करायचं नाही म्हणजे नाही.

पुतण्याचं म्हणणं मात्र खरं आहे. दोन टन वजनाची गाडी १०० मीटर उंच चढवायला साधारण अर्धा युनिट लागतो, वर घर्षणात जातं ते वेगळं. चढाचा हा जोर बॅटरीच देते. पाच किलोवॉटचा फ्युएल सेल घाट ओढत नाही. तो तासाला पाच युनिट बॅटरीत भरत राहतो, तुम्ही जेवायला थांबलात तरी. रेनॉच्या कांगू व्हॅनला २०१९ मध्ये असाच सेल जोडला, तेव्हा कंपनीनं रेंज २३० वरून ३७० किलोमीटर सांगितली.

अडचण इंधनाची आहे. किलोभर हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा असते, सेलमधून हाती येते जेमतेम निम्मी. तोच किलो पाण्यापासून बनवायला पन्नासच्या वर युनिट वीज जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर कितीतरी स्वस्त. आणि कोल्हापुरात हायड्रोजनचा पंप कुठाय? म्हणून आज बसवू नका.

मला आशा आहे ती दुसऱ्या वाटेची. निसाननं २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलची गाडी दाखवली : पाच किलोवॉटचा सेल, २४ युनिटची बॅटरी, ३० लिटरची टाकी आणि सहाशे किलोमीटरच्या वर रेंज. जास्त दाबाची टाकीच नको. तो सेल सातशे अंशांच्या पुढे तापतो, त्याला वेळ लागतो. पण दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या मालगाडीला ते चालेल. इथेनॉल तर आपल्या जिल्ह्यात उसापासून तयार होतं. यावर इथल्या साखर कारखान्यांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही सध्या एवढं करा : रत्नागिरीत माल उतरेपर्यंत केबल लावून ठेवा, आणि साखरप्यात, घाटाच्या पायथ्याशी, चार्जिंगची पक्की सोय बघा. जेवण तिथंच उरका.