पिच नंतर, आधी गिऱ्हाईक

तुमचा प्रश्न असा आहे: शाळेत उद्योजकता शिकवायची आहे, आठवड्याला एक तास, चौदा-पंधरा वर्षांची तीसेक मुलं आणि पूर्ण वर्ष हाताशी आहे. आधी बिझनेस प्लॅन लिहून घ्यायचा, मग स्लाइड्स करायला शिकवायच्या आणि शेवटी परीक्षकांसमोर पिच, म्हणजे आपली व्यवसायाची कल्पना थोडक्यात पटवून देण्याची, स्पर्धा घ्यायची, हे बरोबर आहे का? मी हा विषय १२ वर्षं शिकवतेय. पहिली दोन वर्षं मी हेच केलं, म्हणून स्पष्ट सांगते. पिच शेवटच्या महिन्यात ठेवा, किंवा ठेवूच नका.

स्पर्धा जिंकणारं मूल बहुतेक वेळा आधीपासूनच बोलकं असतं. त्याला टाळ्या मिळतात, पण वर्षभरात त्यानं एकाही अनोळखी माणसाला काही विचारलेलं नसतं. आणि मागच्या बाकावरचं शांत मूल, जे कदाचित सगळ्यात बारकाईनं ऐकतं, ते मनाशी ठरवून टाकतं की हे आपलं काम नव्हे. याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्या दोन वर्षांत अशी मुलं माझ्या हातून सुटली. या वयात शिकवायची मुख्य गोष्ट एकच: आपला अंदाज चुकतोय का, हे लवकर आणि कमी पैशांत शोधून काढणं.

एक उदाहरण देते. तीन मुलांच्या एका गटाला शाळेच्या आवारात, मधल्या सुट्टीत सायकलींची पंक्चर काढून द्यायची होती. त्यांनी ४० जणांना विचारलं, "अशी सोय केली तर वापराल का?" ३८ जण हो म्हणाले. मुलांनी सामान आणलं, फलक रंगवला, दोन आठवडे वाट पाहिली. एकच सायकल आली, तीही वर्गातल्याच मित्राची. तिघांचे चेहरे उतरले. मी त्यांना त्याच ४० जणांकडे परत पाठवलं, फक्त प्रश्न बदलून दिला: "तुझी सायकल शेवटची कधी बिघडली? तेव्हा तू काय केलंस?" आणि उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवायचं, आपल्या शब्दांत नाही.

बहुतेकांना शेवटचं पंक्चर कधी झालं होतं हेच आठवेना. पण वहीत एक गोष्ट पानापानावर दिसायला लागली: ब्रेक नीट लागत नाहीत, चेन सारखी पडते, घरी सांगितलं तर "बघू" म्हणतात. शिवाय पैसे देणार पालक, आणि त्यांच्याशी तर कुणी बोललंच नव्हतं. गटानं पंक्चरचा फलक काढला आणि महिन्यातून एकदा ब्रेक, हवा आणि तेल तपासून द्यायचं ठरवलं. त्याची चिठ्ठी पालकांच्या नावे लिहिली. वर्ष संपलं तेव्हा १९ सायकली दर महिन्याला त्यांच्याकडे येत होत्या.

"वापराल का" असं विचारलं की समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. काय केलंस असं विचारलं की त्याला खरं सांगावं लागतं. हा फरक सांगून कळत नाही, त्याचा सराव करून घ्यावा लागतो. मी यावर सलग तीन तास घालवते. जोड्या करायच्या, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि विचारणाऱ्यानं स्वतःच्या कल्पनेचं नावही काढायचं नाही. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. दोन मिनिटांत मुलं आपली कल्पना समजावून सांगायला लागतात.

आता हिशोब. मुलांचा नफा पहिल्यांदा नेहमी फुगलेला असतो, कारण घरून फुकट आणलेला कागद, आईनं दिलेला रंग आणि स्वतःचे तास ते खर्चात धरतच नाहीत. हे सगळं वहीत चढवायला लावा. मग साधं गणित: सुरुवातीचा एकरकमी खर्च ६००, एका नगाचा विक्रीभाव २०, एका नगाला लागणारा खर्च १२. म्हणजे एका नगामागे ८ सुटतात आणि ७५ नग विकेपर्यंत हाती काहीच उरत नाही. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग गप्प होतो. इतके दिवस बीजगणित कशाला शिकलो, याचंही उत्तर त्या दिवशी मिळतं.

एक नियम मात्र कडक ठेवा. नातेवाइकांना आणि शिक्षकांना केलेली विक्री मोजायची नाही. हा नियम नव्हता तेव्हा एका गटाचा सगळा माल एकाच घरात गेला होता आणि बक्षीसही त्यांनाच मिळालं. भांडवलावरही सगळ्यांना सारखीच मर्यादा घाला, नाहीतर ती पालकांच्या खिशांची स्पर्धा होते.

तुम्ही वर्षभराच्या विद्यार्थी-कंपनीबद्दलही विचारलंय. ही पद्धत जुनी आहे. ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था १९१९ पासून या कामात आहे. मुलांनी लहान शेअर विकून भांडवल उभं करायचं, पदाधिकारी निवडायचे, वस्तू करून विकायची आणि वर्षअखेर कंपनी रीतसर बंद करून पैसे परत करायचे, अशी तिची रचना आहे. मला यातला बंद करण्याचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. पण अपेक्षा बेतानं ठेवा. अर्थशास्त्रज्ञ हेसेल ओस्टरबेक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयातल्या अशाच उपक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या उद्योजकीय कौशल्यांना दिलेल्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि उद्योजक व्हायची इच्छा तर कमी झाली. मला हे अपयश वाटत नाही. धंदा म्हणजे काय हे आतून पाहून एखाद्या मुलानं "हे मला नको" असं ठरवलं, तर तेही शिक्षणच. मात्र संस्थाचालकांना "इतके उद्योजक घडवू" असं आश्वासन देऊ नका.

पालकांना घाई असते. त्यांना मी एक आकडा सांगते. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सर्वात वेगानं वाढलेल्या हजारात एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी सुरू करतानाचं सरासरी वय ४५ निघालं. म्हणजे पंधराव्या वर्षी कंपनी काढली नाही म्हणून काही हुकत नाही. हे ऐकल्यावर निम्मा ताण उतरतो, मुलांचाही.

कल्पना कुठून आणायची, हा प्रश्न मुलं पहिल्या दिवसापासून विचारतात. इथे उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांचं काम मला फार उपयोगी पडलं. नोबेल विजेते अभ्यासक हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक व्यवसाय उभा करायला दिला आणि विचार करताना ते काय बोलतात ते नोंदवलं. २००१ मध्ये त्यांनी मांडणी प्रसिद्ध केली. ही माणसं सहसा मोठं उद्दिष्ट ठरवून साधनं शोधत नाहीत. मी कोण आहे, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो, इथून ती सुरुवात करतात, आणि किती मिळेल यापेक्षा किती गेलं तर चालेल हे आधी ठरवतात. हे तीन प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलालाही झेपतात.

गुण देताना नफा बाजूला ठेवा. मी वही तपासते: आधी काय वाटलं होतं, कुणाला विचारलं, काय ऐकलं, मग काय बदललं. चार रकाने पुरतात. तोट्यात गेलेल्या गटालाही माझ्याकडे पैकीच्या पैकी मिळालेत.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. मुलाखतींना नेहमी जोडीनं पाठवा, कुठे जाणार ते आधी लिहून घ्या, पालकांची लेखी परवानगी घ्या. पैशांचे व्यवहार आणि ऑनलाइन खाती मोठ्यांच्या नावावर असू द्या.

पहिल्या तासाला स्टार्टअप हा शब्दही काढू नका. कोरी वही द्या आणि सांगा, पुढच्या आठवड्यापर्यंत तुमच्या आजूबाजूच्या माणसांना वैताग आणणाऱ्या १० गोष्टी टिपून आणा, प्रत्येकीसमोर तो माणूस सध्या त्यावर काय उपाय करतो तेही लिहा. दुसऱ्या तासाला त्या वह्या एकमेकांत बदलून वाचायला लावा. वर्षभराचे निम्मे विषय त्यातून निघतील.