‘गंधर्व लावून दिला’ म्हणजे नेमकं काय केलं?

पुण्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. खानदेशातल्या शिरपूरकडच्या नातेवाइकांच्या बोलण्यात त्यांनी ऐकलं : ‘‘नणंदेचा मागच्या महिन्यात गंधर्व लावून दिला.’’ दुष्यंत-शकुंतलेची गोष्ट डोक्यात असल्याने मुलगी पळून गेली असावी असं समजून ते गप्प बसले. मग कळलं की घरच्या वडीलधाऱ्यांनीच स्थळ पाहून, चार माणसं बोलावून हे लावून दिलं होतं, आणि मुलीला आधीच्या नवऱ्यापासून फारकत मिळालेली होती. त्यांचं विचारणं असं : शास्त्रात गांधर्व विवाह म्हणजे एकमेकांच्या पसंतीने, घरच्यांना न विचारता केलेला. मग खानदेशात हा शब्द चुकीचा वापरला जातो का?

चुकीचा वापर मुळीच नाही. खानदेशात आणि तिथून वऱ्हाडापर्यंत ‘गंधर्व’ म्हणजे बाईचा दुसरा विवाह, मग ती विधवा असो की सोडचिठ्ठी झालेली. आधी रूप पाहा. संस्कृतात ‘गंधर्व’ हे नाम आणि ‘गांधर्व’ हे त्यावरून झालेलं विशेषण. पोथीतला शब्द ‘गांधर्व विवाह’. खानदेशी तोंडात विशेषणही नाही आणि पुढचा ‘विवाह’ही नाही. ‘गंधर्व’ हेच पुल्लिंगी नाम, आणि क्रियापद ‘लावणे’ किंवा ‘लागणे’, जसं लग्न लागतं. अहिराणीत ‘तिना गंधर्व लाई दिना’. ‘गंधर्व केला’ असंही म्हणतात, पण ‘लावून दिला’ यातच लावून देणारी माणसं दिसतात. भाऊ, काका, मामा, दोन्हीकडची भावकी. चोरून केलेल्या विवाहाला ‘लावून दिला’ कोण म्हणेल?

मग नाव गंधर्वाचं का? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आठ विवाह दिले आहेत : ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस, पैशाच. गांधर्वाची व्याख्या ‘इच्छयाऽन्योन्यसंयोगः कन्यायाश्च वरस्य च’ अशी सुरू होते आणि त्याला ‘मैथुन्यः कामसंभवः’ म्हटलं आहे. दोघांची इच्छा आणि दोघांचा संग, एवढ्यावर विवाह उभा. कन्यादान नाही. आता त्याच ग्रंथाचा आठवा अध्याय उघडा. तिथे नियम आहे की पाणिग्रहणाचे मंत्र ‘कन्यास्वेव प्रतिष्ठिताः’, म्हणजे कुमारिकेलाच लागू. नवव्या अध्यायात ‘सकृत् कन्या प्रदीयते’, कन्या एकदाच दिली जाते. जिचं एकदा दान झालं तिचं पुन्हा दान करता येत नाही आणि तिच्यावर मंत्रही चालत नाहीत, असा हा दुहेरी बंद आहे.

पण शेतकरी, कारागीर, मजूर अशा बहुतेक जातींत विधवा आणि टाकलेल्या बायका पुन्हा नांदायला जातच होत्या. या चालीला शास्त्राच्या यादीतलं एखादं नाव द्यायचं, तर कन्यादान न लागणारं आणि बाईच्या स्वतःच्या संमतीवर उभं राहणारं एकच सभ्य नाव उरतं. आसुरात पैसे मोजावे लागतात, राक्षसात पळवून न्यावं लागतं, पैशाचाचं तर नावच काढू नये. माझ्या मते ‘गंधर्व’ हा शब्द इथे असा पोचला. प्रेमाचा अर्थ मागे राहिला, दानावाचूनचा विवाह हा अर्थ पुढे आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातही या वाटणीला आधार सापडतो. तिथे परस्परद्वेषाने मोक्ष, म्हणजे फारकत, सांगितली आहे, आणि लगेच ‘अमोक्षो धर्मविवाहानाम्’ असा अपवाद केला आहे : पहिले चार धर्म्य विवाह सुटत नाहीत. गांधर्व त्या चारांत नाही. जुळतो आणि सुटूही शकतो, असा तो पहिल्यापासून आहे.

इथे एक मोहाची व्युत्पत्ती आहे. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात (१०.८५) वधूला म्हटलं आहे की सोम तुझा पहिला पती, गंधर्व दुसरा, अग्नी तिसरा आणि मनुष्य चौथा. ‘दुसरा तो गंधर्व, म्हणून दुसऱ्या लग्नाला गंधर्व’ अशी जोड कोणालाही सुचेल. ती घेऊ नये. त्या सूक्तात प्रत्येक वधू, अगदी पहिल्या लग्नातलीसुद्धा, गंधर्वाकडून अग्नीकडे आणि मग माणसाकडे येते. विश्वावसू गंधर्वाला ‘ऊठ इथून, दुसरी शोध’ असं सांगणाऱ्या ऋचाही तिथेच आहेत. पुनर्विवाहाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता गंधर्व लागतो कसा ते जवळून पाहू, कारण शब्दाचा अर्थ विधीतच आहे. तपशील जातीनुसार आणि गावानुसार बदलतात, पण जुन्या पद्धतीचा सांगाडा असा. वेळ रात्रीची, पुष्कळदा वद्य पक्षातली. जागा मारुतीचं देऊळ किंवा गावाबाहेरचं एखादं ठिकाण. मांडव नाही, वाजंत्री नाही, हळद नाही. अंतरपाट आणि मंगलाष्टकं नाहीत. सप्तपदी नाही. बाईला नवं लुगडं, नव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. दोघांना पाटावर बसवायचं, ओटीत नारळ, एकमेकांना हार, आणि कपाळाला कपाळ लावायचं. हे कपाळ लावणं हाच पुष्कळ ठिकाणी गंधर्वाचा कणा आहे. पहाट व्हायच्या आत नव्या घरी शिरायचं, म्हणजे सकाळी कोणा सवाष्णीच्या नजरेला आधी पडायला नको. पहिल्या घरचे दागिने बहुधा तिकडेच परत जात आणि त्या घरची मुलंही तिकडेच राहत.

नवरदेव कुमार असला की पेच पडे. त्याचा पहिला विवाह मंत्राचा व्हायला हवा, आणि समोरच्या बाईवर तर मंत्र चालत नाहीत. मग त्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावत. रुई झाली पहिली, बाई झाली दुसरी, हिशेब जुळला. हा प्रकार आणि तिसऱ्या लग्नाच्या वेळचा अर्कविवाह यांची गल्लत करू नये. झाड तेच, कारण वेगळं. तिसरी बायको जगत नाही अशी समजूत होती, म्हणून तिसरं लग्न रुईशी लावून येणारीला चौथी करत.

याच चालीचे दुसरे शब्द : देशावर ‘पाट’, आणि ‘म्होतूर’ किंवा ‘मोहतूर’, जो मुहूर्तावरून आला. गुजरातेत नातरं, राजस्थानात नाता, हरियाणा-पंजाबात करेवा, म्हणजे अंगावर चादर टाकणं, आणि कानडीत उडिकी. सुरतेकडे येणंजाणं असलेल्या नंदुरबार भागात नातरंही कानावर येतं. ‘पाट’ हा शब्द खानदेशातही कळतो, पण पांझरा नदीकाठच्या फडबागायतीत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या शेतीत, पाट म्हटलं की आधी पाण्याचाच डोळ्यांपुढे येतो. मराठी अमलात पाटावर कर होता, त्याचं नाव ‘पाटदाम’, आणि पहिल्या लग्नावरचा तो ‘लग्नटका’. दोन विवाहांना दोन करांची नावं होती, यावरून सरकारदरबारीही ते वेगळे धरले जात हे दिसतं. पण कर घेतला म्हणजे मान्यताही दिली, हे विसरू नये.

मनूने गांधर्वाला ‘मैथुन्य’ म्हटलं म्हणून पुष्कळांना तो विवाह हलका वाटतो. जगभरच्या कायद्यांनी मात्र हाच प्रश्न घासला आहे : विवाह कशाने होतो, मंत्राने, शब्दाने की शरीराने? मिश्ना या यहुदी धर्मकायद्याच्या जुन्या संग्रहात, किद्दुशीन या विवाहावरच्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात बायको मिळवण्याच्या तीन वाटा दिल्या आहेत : पैसा, लेख आणि संग. संगाची वाट कायद्याने पक्की, पण तिसऱ्या शतकातले बाबिलोनी आचार्य रव त्या वाटेने जाणाऱ्याला फटके देत, असं मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद सांगतो. विवाह झालाच, आणि शिक्षाही झाली. रोमच्या जुन्या कायद्यात बाई वर्षभर सलग नवऱ्याच्या घरी राहिली की ती त्याच्या अधिकारात जाई. ते नको असेल तर वर्षातून सलग तीन रात्री बाहेर काढायच्या. ख्रिस्ती धर्मकायद्यात बाराव्या शतकात, तिसऱ्या अलेक्झांडर पोपच्या काळात, तोडगा निघाला की दोघांच्या संमतीने विवाह होतो आणि संगाने तो न तुटणारा होतो. त्यामुळे चोरून केलेले विवाह इतके वाढले की १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेला पाद्री आणि दोन साक्षीदार सक्तीचे करावे लागले. स्कॉटलंडने ते मानलं नाही. तिथे ‘तुझ्याशी लग्न करीन’ असं वचन आणि त्यावर विसंबून झालेला संग मिळून पक्का विवाह होई, आणि ही तरतूद १ जुलै १९४० रोजी बंद झाली. शकुंतलेचा खटला तिथल्या कोर्टात उभा राहिला असता तर अंगठी हा वचनाचा पुरावा ठरला असता!

खानदेशी गंधर्व या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. तो शरीरावर उभा नाही, साक्षीवर उभा आहे. रात्र असली, अंधार असला तरी भावकी हजर लागते. म्हणून त्याला ‘लपूनछपून’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

इंग्रजी अमलात या शब्दाची परीक्षा झाली. १८५६च्या विधवाविवाह कायद्याचं सहावं कलम सांगतं की कुमारिकेच्या लग्नात जे शब्द आणि विधी पुरेसे, तेच विधवेच्या लग्नातही पुरेसे. मनूचा मंत्रांवरचा बंद एका वाक्यात उघडला. पण दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम ज्या जातींत पाट-गंधर्व आधीपासून चालत होता त्यांनाही लावलं. ज्यांना या कायद्याची गरज नव्हती त्यांचंच त्यात नुकसान झालं. फारकतीचंही तसंच. १८७६च्या संभू रघू खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवलं की लग्न रद्द करण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांनी काडी मोडून दिली, बाईने गंधर्व लावला, आणि पहिला नवरा फिर्याद घेऊन गेला की भारतीय दंडविधानाचं ४९४ कलम, म्हणजे द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा, तिच्या डोक्यावर.

स्वातंत्र्यानंतर बाजू उलटली. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पहिली बायको हयात असताना भाऊरावांनी १९६२ साली गांधर्व पद्धतीने दुसरी केली. हार घातले होते, कपाळाला कपाळ लावलं होतं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की होम आणि सप्तपदी झाली नाही, आणि ते गाळण्याची रूढी आहे हेही शाबीत झालं नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीने दुसरं लग्न लागलंच नाही, आणि म्हणून गुन्हाही नाही. शिक्षेतून सुटला पुरुष. पहिली बायको हयात असताना झालेल्या लग्नातल्या बाईला बायको म्हणून फौजदारी संहितेखालची पोटगीसुद्धा मिळणार नाही, असं पुढे १९८८च्या यमुनाबाई आढाव निकालाने म्हटलं होतं. या दोन निकालांमुळे ‘गंधर्व’ शब्दाला शहरात फसवणुकीचा वास चिकटला. चूक शब्दाची नव्हती. पहिली बायको हयात असताना पुरुषाने त्याचा आडोसा घेतला होता.

विधवेने किंवा कोर्टातून घटस्फोट झालेल्या बाईने लावलेला गंधर्व आजही कायदेशीर होऊ शकतो, कारण १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं ७वं कलम वधू किंवा वर यांपैकी कोणाही एकाच्या रूढीचे विधी चालवून घेतं. अडतं ते दोन जागी. एक, रूढी सिद्ध करावी लागते. आमच्यात असंच चालतं एवढं म्हणून भागत नाही, म्हणून शक्य असेल तर हार घातल्यावर अग्नीसमोर सात पावलंही टाकून घ्यावी. दोन, स्टँपपेपरवरचा फारकतनामा. २९व्या कलमात रूढीने मिळणारी फारकत जिवंत ठेवली आहे, पण ती रूढीही शाबीत करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावरच येतो. कोर्टाचा हुकूमनामा असेल तर अपिलाची मुदत संपल्यावरच तारीख काढावी.

लिहिताना काय वापरावं? बोलीत आणि कथेत ‘गंधर्व’ निःशंक लिहा, ‘गांधर्व’ करून शुद्ध करू नका. शुद्ध केलात की अर्थच पालटतो. प्रमाण मराठीत समजावून सांगायचं असेल तेव्हा ‘पुनर्विवाह’. पत्रिकेत ‘गंधर्व विवाह’ छापलात तर बाहेरगावचा पाहुणा प्रेमविवाह समजेल, म्हणून नुसतं ‘शुभविवाह’ छापावं. आणि ग्रामपंचायतीत विवाहनोंदणीचा अर्ज भरताना विधीच्या जागी ‘गंधर्व’ एवढंच न लिहिता ‘हिंदू रूढीप्रमाणे’ असं लिहून स्थळ, तारीख आणि तीन साक्षीदार द्यावेत. वधूच्या पूर्वस्थितीच्या रकान्यात ‘विधवा’ किंवा ‘घटस्फोटित’ जे असेल ते स्पष्ट लिहावं, आणि मृत्यूचा दाखला किंवा हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल सोबत जोडावी.