आढ्यावरून चालणारी मुलगी

"वाचनाची सवय लागावी म्हणून आम्हीच तिला पुस्तक आणून दिलं, आणि तिने त्यातलं नेमकं हेच उचललं," असे म्हणत रेवाच्या आईने एक इंग्रजी पुस्तक माझ्या समुपदेशन कक्षातल्या टेबलावर ठेवले. पुस्तकाच्या शेजारी रेवाचा प्लास्टरमधला डावा हात होता. (नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रेवा तेव्हा सातवीत होती. नाशिकच्या इंदिरानगरातील त्यांच्या सोसायटीत वॉचमनच्या खोलीपासून वीजमंडळाच्या डीपीपर्यंत एक पुरुषभर उंचीची भिंत आहे. एका संध्याकाळी पाच-सहा मुली 'डेअर' खेळत असताना रेवा त्या भिंतीवरून चालत निघाली आणि अर्ध्यातच खाली कोसळली.

टेबलावरचे पुस्तक 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' होते. एल. एम. माँटगोमेरी यांची ही कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर मॅथ्यू आणि मरिला या प्रौढ बहीणभावांच्या घरी चुकून येऊन पोचलेल्या एका अनाथ मुलीची ती कथा आहे. तिच्यात एक प्रसंग असा आहे की डायना या मैत्रिणीच्या घरी जमलेल्या मुली एकमेकींना पैजा घालू लागतात. कुणी झाडावर चढते, कुणी एका पायावर लंगडी घालत बागेला फेरी मारायला निघते, आणि जोसी पाय नावाची मुलगी कुंपणाच्या फळीवरून चालून दाखवते. आपण छपराच्या आढ्यावरून चालणारी मुलगी पाहिली आहे, असे अ‍ॅन त्यावर बोलून जाते. मग जोसी तिलाच तसे चालून दाखवायला सांगते. डायना 'नको' म्हणून विनवते, तरी अ‍ॅन चढते, पडते आणि तिचा घोटा मोडतो. भिंत आणि आढे यांच्यातले साम्य कोणत्याही आईच्या डोळ्यांत भरण्यासारखेच होते, त्यामुळे त्यांच्या निष्कर्षाबद्दल मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

ही काळजी घेऊन येणारे पालक मला दरवर्षी भेटतात. जुन्या बालकथांमधील मुले पैजा लावतात, घरातून पळून जातात, एकमेकांचे उट्टे काढतात, आणि आपली मुले ते वाचून तसेच करतील, असे त्यांना वाटते. रेवाच्या आईचे दोन प्रश्न होते: हे पुस्तक काढून घ्यावे का, आणि त्या मुलींची संगत तोडावी का.

पहिल्या भेटीत माझ्याकडूनच चूक झाली, ती सांगायला हवी. पुस्तक समोर आयते होते, तेव्हा मी रेवाला विचारले, "अ‍ॅनचं शेवटी काय झालं, आठवतं ना?" वाक्य पूर्ण होण्याआधीच तिचा चेहरा मिटला. मी कथेचा कीर्तनकारासारखा दाखला देऊ पाहत होते आणि बारा वर्षांच्या मुलांना तो पहिल्या अक्षराला ओळखू येतो. पुढची चाळीस मिनिटे तिने फक्त 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढेच शब्द वापरले.

दुसऱ्या भेटीत मी पुस्तक बाजूला ठेवले आणि तिला भिंतीविषयीच विचारले. भिंतीवर पाय ठेवताना तिला नेमके काय दिसत होते, हे मला जाणून घ्यायचे होते. ती म्हणाली, "ताई, मला पुस्तक वाचून सुचलं असं आईला वाटतं. पण पुस्तकात ती पडते ना? ते वाचलं होतं म्हणून तर मला जास्त भीती वाटत होती." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "पण खाली उतरले असते तर सगळ्या 'फट्टू' म्हणाल्या असत्या. ग्रुपवर स्टिकर आला असता."

पुस्तकावरील आरोपाचा निकाल या दोन वाक्यांत लागला, असे मी मानते. कथेने तिला धोका दाखवला होता आणि तो तिला समजलाही होता, तरीही ती चढली, म्हणजे तिच्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडण्यापेक्षा जड काहीतरी होते. मुलांना परिणाम कळत नाहीत म्हणून ती धाडस करतात, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव असा आहे की त्यांना परिणाम बऱ्याचदा कळतात, परंतु हाड मोडण्याचा परिणाम सहा आठवड्यांत संपतो आणि 'फट्टू' हे नाव दहावीपर्यंत चिकटते, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा असेल, पण तो हिशेब नाही असे म्हणता येणार नाही.

या वयात बघणाऱ्यांचे वजन किती असते, हे २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या एका अभ्यासात दिसले होते. त्यांनी वेगवेगळ्या वयोगटांतील लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. १३ ते १६ वर्षांची मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्यापेक्षा कितीतरी अधिक धोका ती बरोबरीची मुले बघत असताना पत्करू लागली, आणि २४ वर्षांपुढील प्रौढांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. म्हणून "तुला अक्कल नव्हती का?" हा आपला प्रश्न बहुधा वाया जातो. अक्कल तिथेच होती, परंतु चार मैत्रिणीही तिथेच उभ्या होत्या.

'अ‍ॅन'मधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पडण्याच्या प्रसंगानंतर येतो आणि रेवाच्या संक्षिप्त आवृत्तीत नेमका तोच गाळलेला होता. (संक्षेप करणारे लोक घटना ठेवतात आणि संवाद कापतात, ही माझी जुनी तक्रार आहे.) अंथरुणावर पडलेली अ‍ॅन मरिलाला विचारते की तुला कुणी अशी पैज घातली असती तर तू काय केले असतेस. मरिला सांगते की मी खाली भक्कम जमिनीवर उभी राहिले असते आणि त्यांना खुशाल पैजा घालू दिल्या असत्या. हे उत्तर बिनचूक आहे, आणि जगातील प्रत्येक पालक हेच उत्तर देतो. अ‍ॅन त्याला विरोधही करत नाही. तुझ्या मनात तेवढे बळ आहे, माझ्यात नाही, आणि जोसीने मला जन्मभर हिणवले असते, असे ती म्हणते. मी मूळ पुस्तकातला हा भाग रेवाला वाचून दाखवला आणि या वेळी काहीही न विचारता गप्प बसले. ती बराच वेळ प्लास्टरच्या कडेचा कापूस उपसत राहिली आणि मग म्हणाली, "आमच्याकडे जोसी म्हणजे तन्वी."

तन्वी तिच्याच इमारतीत राहणारी आणि तिच्याच वर्गातली मुलगी. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तन्वी गुणवत्ता यादीत आली आणि रेवा आली नाही, तेव्हापासून रेवाच्या घरात तन्वीचे नाव रोज निघते. तन्वीचे अक्षर, तन्वीचे पाठांतर, तन्वी एकटी बँकेत जाऊन पैसे भरून आली, असे काही ना काही. तन्वीनेही रेवाला स्पर्धक म्हणून निवडलेले नव्हते. दोघींच्या आया मैत्रिणी आहेत आणि त्यांच्या गप्पांत ही जोडी आपोआप जुळवली गेली. पैज घालणारी तन्वीच होती, आणि तीही त्याआधी त्याच भिंतीवरून चार पावले चालून आली होती.

तिसऱ्या भेटीला रेवाचे आजोबाही आले. ते निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या बोलण्यात वजन आहे, आणि मुलांना आजकाल फार जपले जाते असे त्यांचे मत आहे. त्यांनी मला 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग सांगितला. नाशिककरांना हे पुस्तक घरचे वाटते, कारण साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत इथल्याच तुरुंगात लिहिले. पोहायला जायला घाबरून श्याम घरात लपतो, आई शिंपटीने मारत त्याला बाहेर काढते, आणि नंतर जवळ घेऊन समजावते की माझ्या श्यामला लोकांनी भित्रा म्हटलेले मला खपणार नाही. आजोबांचे म्हणणे असे होते की मुलाला भीड चेपायला लावणे हे आईचे कामच आहे, आणि भिंतीवरून पडली म्हणून एवढा गहजब करण्याचे कारण नाही.

आजोबांशी मी मारण्याच्या बाबतीत सहमत नव्हते आणि तसे त्यांना सांगितले. परंतु त्यांनी अजाणता फार योग्य जागी बोट ठेवले होते. त्या कथेत 'भित्रा' या शब्दाची धास्ती आधी आईला आहे आणि मग ती मुलाकडे जाते. शिवाय श्याम ज्या विहिरीत उतरतो तिथे त्याला शिकवणारी, सांभाळणारी माणसे आहेत. रेवाच्या भिंतीखाली कुणीच हात पसरून उभे नव्हते. हे मी बोलत असताना रेवा आईकडे न पाहता म्हणाली, "आईपण तेच म्हणते ना मला. हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाली होती. आमची रेवा जरा भित्रीच आहे, तन्वीसारखी नाही."

खोलीत कुणी काही बोलले नाही. रेवाच्या आईला तो प्रसंग आठवतच नव्हता. तिने तो शब्द हसत, कौतुकाच्या सुरात उच्चारला असणार, याविषयी मला शंका नाही. मात्र त्या संध्याकाळी भिंतीवर चढताना रेवाला खाली तन्वी दिसत होती आणि कानात हळदीकुंकवाची बैठक ऐकू येत होती. पैज मैत्रिणीने घातली, परंतु ती नाकारण्याची किंमत घरात ठरली होती.

म्हणून रेवाच्या आईच्या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असे होते. पुस्तक काढून घेतल्याने मुलीच्या हाती असलेली, स्वतःविषयी न बोलता स्वतःविषयी बोलण्याची एक सोय फक्त गेली असती. 'तू का चढलीस' याचे उत्तर तिला देता येत नव्हते. 'अ‍ॅन का चढली' याविषयी ती वीस मिनिटे बोलली. संगत तोडणे तर त्याहून अवघड होते, कारण इमारत, शाळा आणि क्लास हे सगळे एकच होते, आणि बंदी घातलेली मैत्रीण मुलांच्या डोळ्यांत अधिकच मोठी होते.

आम्ही केले ते तसे साधे होते. घरात तन्वीचे नाव तुलनेसाठी घ्यायचे नाही, असे ठरले. पहिल्या आठवड्यात आईकडून ते तीनदा निघाले आणि तिन्ही वेळा रेवाने बोटे मोजून दाखवली, असे मला समजले. दुसरी गोष्ट मिस्ड कॉलची. कुठेही नको असलेल्या जागी सापडल्यास रेवाने आईला मिस्ड कॉल द्यायचा, आईने लगेच फोन करून रागावल्या आवाजात 'आत्ताच्या आत्ता घरी ये' म्हणायचे, आणि घरी आल्यावर काहीही विचारायचे नाही. माघार घेतल्याचा दोष आईच्या माथी गेला की मुलीची इभ्रत शाबूत राहते. आजोबांना हा भ्याडपणा वाटला. मला तो शहाणपणा वाटतो आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही.

तिसरी गोष्ट शर्वरीची. भिंतीच्या वेळी 'नको गं' म्हणणारी एक मुलगी तिथेही होती, जशी अ‍ॅनजवळ डायना होती, पण तिचे कुणी ऐकले नाही. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. सगळा गट ठरवून चुकीचे उत्तर देत असताना कितीतरी माणसे डोळ्यांना दिसणारे सोडून गटामागे गेली, परंतु गटातल्या एकानेही खरे उत्तर दिले की त्यांचे गटामागे जाणे खूपच घटले. रेवाला मी हा प्रयोग कागदावर रेघा ओढून दाखवला. तिने विचारले, "म्हणजे शर्वरी 'नको' म्हणाली तेव्हाच मी 'बरं' म्हणायला हवं होतं?" मी तिला उलटेही सांगितले, की एखादे दिवशी शर्वरी भिंतीवर असेल आणि खाली रेवा असेल.

स्पर्धा संपवण्याचा प्रयत्न मी केला नाही. अ‍ॅन आणि तिच्या शाळेतला गिल्बर्ट यांची चुरस एका पाटीपासून सुरू होते. तो तिला केसांवरून 'गाजर' म्हणतो आणि ती पाटी त्याच्या डोक्यात घालते. पुढे कित्येक वर्षे अबोला धरूनही दोघे अभ्यासात एकमेकांना खेचत नेतात आणि कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत दोघांचाही पहिला क्रमांक येतो. त्या दोघांना कुणा मोठ्याने जुंपलेले नव्हते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. रेवाचे मत थोडे वेगळे होते. "एवढी वर्षं बोलायचं नाही म्हणजे जरा जास्तच झालं," असे ती म्हणाली, आणि मी मान्य केले.

प्लास्टर निघाल्यावर भेटी थांबल्या. पावसाळ्यात रेवाच्या आईचा फोन आला. क्लास सुटल्यावर काही मुलामुलींनी गोदावरीचा पूर बघायला जाण्याचा बेत केला होता. ज्याच्यावरून पुराचा अंदाज घेतात त्या नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर पाणी चढले होते आणि होळकर पुलावर गर्दी होती. कुणीतरी म्हणाले, पायऱ्यांवर उतरून फोटो काढू. रेवाने मिस्ड कॉल दिला. आईने ठरल्याप्रमाणे रागावून फोन केला आणि रिक्षा घेऊन रविवार कारंजावर गेली, तर तिथे दोन मुली उभ्या होत्या. तन्वीने विचारले, "काकू, मलापण सोडाल का?" घरी पोचेपर्यंत दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ठरल्याप्रमाणे आईनेही काही विचारले नाही.