छोटी ईव्ही घ्यायचीय: पेट्या, घाट आणि आईचे गुडघे

रोज शाळेत जाऊन येऊन ४० किमी, अधूनमधून आईबाबा सोबत. आईचे गुडघे दुखतात. एमजीची कॉमेट घेऊ की टाटाची टियागो ईव्ही? (एक ताई, रत्नागिरी)

ताई, एकटीसाठी असती तर कॉमेटच म्हटलं असतं, जेमतेम ३ मीटरची गाडी, मारुती मंदिरच्या गर्दीत कुठेपण घुसते आणि पुढे दोघांना ऐसपैस जागा. पण दारं दोनच, त्यामुळे आई पुढे बसल्या की बाबांना सीट पाडून मागे शिरावं लागणार, त्यात चाकं १२ इंची, आपले खड्डे तुम्हाला माहितीच आहेत. रेंजचं म्हणाल तर कंपनीच्या आकड्याचे दोन तृतीयांश धरायचे ही माझी पद्धत, म्हणजे कॉमेटचे २३० चे दीडशे, टियागोच्या मोठ्या २४ युनिटच्या बॅटरीचे तीनशेच्या आसपासचे दोनशे. ४० किमीला दोन्ही पुरून उरतात, तेव्हा रेंजवरून भांडूच नका. फक्त टियागोची सीट खाली आहे, टाटाच्याच पंच ईव्हीची उंच. आईंना शोरूमला न्या आणि पाच वेळा बसा-उठायला लावा, सेल्समन कंटाळला तरी चालेल.

हापूसच्या सीझनला पेट्या न्यायच्यात, बाकी वर्षभर घरचा वापर. (देवगड)

टियागो ईव्हीची डिकी २४० लिटरची, पंच ईव्हीची ३६६. पण लिटरमध्ये आंबे मोजतं कोण, तुमचीच एक रिकामी पेटी घेऊन जा, आडवी-उभी घालून बघा, मागची सीट पाडूनही बघा. बागेच्या पाणंदीतून गाडी आत घ्यायची असेल तर पंचच, जमिनीपासून १९० मिमी क्लिअरन्स आहे, टियागोचं पोट घासेल. आणि स्टेपनीचं आधी विचारा! टियागो ईव्हीत पंक्चर किट देतात, स्टेपनी नाही.

कोल्हापूरला महिन्यातनं दोनदा जातंय. आंबा घाटात गाडी रवली तर कोण बघतलो?

दादा, नाय रवत. हिशोब करूया. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी ६०० मीटर वर चढवायला नुसत्या उंचीचे अडीच युनिट लागतात, वरचे लॉसेस धरून तीन. २४ युनिटच्या बॅटरीतले तीन, म्हणजे आठवा हिस्सा, बस. रत्नागिरी-कोल्हापूर १३० किमीच्या आसपास, टियागोत एका दमात होतं पण थोडीच शिल्लक राहते, म्हणून परत निघण्याआधी कोल्हापुरात चार्जिंग करूनच निघा. येताना उतारावर रिजेनमुळे (म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवते) थोडी बॅटरी भरते, तो बोनस समजा. कुणी घाटमाथ्यावरच राहत असेल तर एक सांगतो, बॅटरी १०० टक्के भरून उतरायला सुरुवात केली की रिजेनला जागाच नसते, मग ब्रेकवर जास्त भार येतो. कॉमेटने मात्र ही ट्रिप नको, रेंज अगदी काठावर.

चिऱ्याचं जुनं घर आहे, १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जर लावला की लाल लाइट लागतो. चार्जर खराब आहे का?

बहुतेक नाही, अर्थिंग बघा. जांभ्यात अर्थिंग धरत नाही ही कोकणातली जुनी डोकेदुखी, फ्रिज-टीव्ही काही बोलत नाहीत म्हणून कळत नाही, ईव्हीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि नसेल तर चार्जच करत नाही. ते बरंच आहे. वायरमनला सांगून विहिरीच्या बाजूला, जिथे ओल राहते तिथे नवा खड्डा घ्या, जाड वायर आणि वेगळी एमसीबी टाका. माझ्याकडे हेच झालं, मी आठवडाभर सर्व्हिस सेंटरशी भांडलो आणि निघालं काय तर उन्हाळ्यात सुकलेला खड्डा. बादलीभर पाणी ओतलं, चार्जिंग सुरू! पण तो उपाय नव्हे, नवा खड्डा पावसाळ्याआधीच करून घ्या.

चिपळूणला पाणी भरलं तर?

बॅटरी पॅकला आयपी६७ असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, पण ते पॅकचं, सीटचं आणि वायरिंगचं नाही. वाशिष्ठी चढतेय असं कळलं की प्लग काढा आणि आधी गाडी उंचावर नेऊन ठेवा, फ्रिज माळ्यावर चढवायचं नंतर बघा.